डाव्या खांबावरचा वारा

कोणी डाव्या खांबाचं कौतुक केलं की दोब्रिलाचं डोकं फिरायचं. आणि वेला लूच्का ह्या समुद्राकाठच्या गावात येणारा जो तो डाव्या खांबाचंच कौतुक करायचा, त्यामुळे उन्हाळ्याचे चार महिने तिचं डोकं फिरलेलंच असायचं.

गावच्या मोठ्या चर्चच्या दरवाज्याला दोन दगडी खांब आहेत. सातशे-आठशे वर्षांपूर्वी कुणा पाथरवटानं दोन्हींवर आठ-आठ माणसं कोरली. संत नव्हेत, राजे नव्हेत; गावचीच माणसं. मेंढ्या कातरणारा, जाळं विणणारा, चांभार, मासळी साफ करणारी कोळीण, कणीक मळणारी बाई. डावा खांब आता पांढराफेक आहे. उजवा वरून मधाच्या रंगाचा आणि खाली काळाकुट्ट. बोटीतून उतरलेले पाहुणे डाव्यासमोर उभे राहून फोटो काढतात आणि मग उजव्याकडं बघून नाक मुरडतात.

"हा कधी साफ होणार?" म्हणून विचारतात.

"वरचा साफच आहे, बाबांनो! साफ झाल्यावर तो असाच दिसतो!" दोब्रिला परांचीवरून ओरडायची. साठीची बाई, डोळ्यांवर हिरवा जाड चष्मा, केसांत दगडाची भुकटी. पाहुणे हसून तिचाही एक फोटो घ्यायचे.

त्याहून वाईट म्हणजे फानी. फानी गावची गाईड, छत्री उंच धरून पाहुण्यांचा घोळका आणायची आणि डाव्या खांबाच्या मधल्या आकृतीकडं बोट दाखवून गोड आवाजात सांगायची, "ही माता, आणि हे तिच्या हातातलं बाळ. बूरा वाऱ्यानं शेकडो वर्षं झिजवलं, तरी माया बघा कशी दिसतेय!" बायका डोळे पुसायच्या. अहो, खरंच पुसायच्या.

"मासा आहे तो, फाने! मासा! आणि ती माता नाही, कोळीण आहे!"

"दोब्रिला मावशी, लोकांना बाळ आवडतं," फानी खालून म्हणायची. "माशाला कोण टिपं गाळणार?"

तो मासा होता हे दोब्रिलाला कसं ठाऊक? तिनं त्याचे कल्ले मोजले होते म्हणून. १९८४ च्या मे महिन्यात, एकवीस वर्षांची असताना, त्याच खांबासमोर शिडीवर उभं राहून. एका बाजूला चार रेघा होत्या, प्रत्येक रेघ नखासारखी बारीक. दुसऱ्या दिवशी त्या रेघा तिनंच घालवल्या.

आता ही गोष्ट नीट सांगायला हवी, कारण गावात ती चाळीस वर्षं कोणी नीट सांगितलीच नाही.

दोब्रिला समोरच्या बेटावरची, पाथरवटाची मुलगी. बेटावर दगडकामाची शाळा आहे. तिथं त्या काळी मुली घेत नसत. बापानं मुख्याध्यापकाच्या दारात तीन सकाळी बसून हिला आत घुसवलं. वर्गात वीस मुलगे आणि ही एकटी. बापानं तिला एकच गोष्ट शिकवली असं ती म्हणायची, ती म्हणजे दगडावर टिचकी मारून ऐकणं. धड दगड खणखणतो, आतून फुटलेला बद्द वाजतो. शाळा संपल्यावर किनाऱ्यावरच्या पुरातत्त्व कचेरीत तिला काम मिळालं. पद होतं तंत्रज्ञ, प्रत्यक्षात पाण्याच्या बादल्या वाहायच्या.

कचेरीचे प्रमुख प्रोफेसर क्रशेवान. मोठा माणूस! पुस्तकं लिहिलेली, रेडिओवर बोलणारा, उन्हाळ्यातही कोट. त्या मे महिन्यात बेलग्रेडहून, म्हणजे तेव्हाच्या राजधानीतून, कुणी बडा पाहुणा गाव बघायला येणार असं कळलं, आणि चर्चचा दरवाजा तर धुरानं काळा. हातात चार दिवस. प्रोफेसरांनी जहाजांच्या गोदीतून यंत्र मागवलं. कशाचं? जहाजाच्या बुडाचा गंज उडवायचं! लोखंडावर वाळूचा मारा करायचं यंत्र, आणि ते लावलं कशाला, तर विळ्यानंही चरा पडेल अशा मऊ चुनखडीला.

"प्रोफेसर, दगड मऊ आहे," दोब्रिला म्हणाली. एवढं तरी ती म्हणाली, ते मान्य करायला हवं.

"पोरी, तुला मत विचारलंय का? नळी धर."

आणि तिनं नळी धरली.

पहिल्या फवाऱ्यात काळं गेलं. दुसऱ्यात मधाचा रंग गेला. तिसऱ्यात कोळिणीच्या पापण्या गेल्या, आणि हे तिला दिसलं. दिसलं नाही असं ती कधीच म्हणाली नाही. हात थांबवायला हवा होता. नाही थांबवला. खाली क्रशेवान उभे होते, शेजारी नगराध्यक्ष, शेजारी वर्तमानपत्राचा फोटोवाला. तीन दिवसांत आठही माणसं वापरून झिजलेल्या साबणाच्या वड्यांसारखी गुळगुळीत झाली. खांब असा चमकायला लागला की लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्यासाठी वाजवल्या! उजवा खांब वाचला तो काही कुणाच्या शहाणपणानं नव्हे, पाहुणा एक दिवस आधी आला म्हणून.

वर्षभरानं अहवाल निघाला. त्यात क्रशेवानांनी लिहिलं की वाळूनं केलेली सफाई निर्धोक आणि यशस्वी ठरली. डाव्या खांबावरचं कोरीवकाम पुसट झालं आहे ते शतकानुशतकं खारा बूरा वारा लागल्यामुळे. खाली तंत्रज्ञ म्हणून दोब्रिलाची सही हवी होती. तिनं ती केली. कचेरीतले आधीचे फोटो कपाटातून कुठं गेले ते देव जाणे.

त्यानंतर तिनं नळीला हात लावला नाही. बदली मागून घेतली, चुना कालवला, दगड सांधले, लग्न केलं नाही. केलं नाही ते ह्यामुळे असं काही नाही, पण लोक विचारतात म्हणून सांगितलं. पस्तीशीला ती फ्लॉरेन्सला गेली, लेझरचं काम शिकायला. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या बाईनं संगमरवरी हाताच्या तुकड्यावर किरण टाकला, काळी खपली भुर्रकन उडाली आणि खाली जुनी पिवळसर कातडी जशीच्या तशी, तिच्यावर छिन्नीच्या दातांच्या रेघा. बाकीचे वा वा करत होते. दोब्रिला बाहेर जाऊन भिंतीला लाथा मारून आली. असं यंत्र जगात होतंच म्हणे, तिनं नळी धरली त्याच्याही आधीपासून!

गावात ते यंत्र यायला आणखी वीस वर्षं लागली. सूटकेसएवढं खोकं, त्यातून निघालेली दोरी आणि दोरीच्या टोकाला मूठ. ह्या कामात डोळ्यांपेक्षा कान लागतो. दगडावर पाण्याचा हात फिरवायचा, मूठ धरायची, की चट् चट् चट् आवाज येतो, जळक्या केसांसारखा वास सुटतो आणि काळं उडतं. काळं किरण गिळतं म्हणून उडतं. खालचा फिका दगड किरण परतवून लावतो म्हणून राहतो. काळं संपत आलं की चटचट मऊ होत जाते, आणि मग जवळजवळ ऐकूच येत नाही. तिथं थांबायचं. दोब्रिला थांबायची. एका दिवसात हातरुमालाएवढा दगड, बस. टपाल तिकिटाएवढा एक चौकोन झाला की मूठ खाली ठेवून बोट फिरवून बघायची.

चार वर्षांत ती वरून खाली सहा माणसं उतरली होती. जाळं विणणाऱ्याच्या अंगठ्याला दोरा गुंडाळलेला निघाला. चांभाराच्या ओठांत दोन खिळे निघाले. खरंच, ओठांत धरलेले खिळे! आणि सगळ्यांच्या अंगावर ती मधाच्या रंगाची कातडी. पूर्वीच्या लोकांनी दगडाला दूध, तेल, चुना काय काय चोळलेलं, ते मुरून आलेली. पाथरवटाची शेवटची रेघ असते ती त्या कातडीत. ती गेली की माणूस गेला. खाली दोन उरली होती, मेंढ्या कातरणारा आणि कणीक मळणारी.

अशात एका सकाळी दहाच्या न्याहारीला, ती परांचीवर पाय सोडून पाव आणि खारवलेल्या सार्डिन खात बसली असताना, नगराध्यक्ष लोव्रे खाली येऊन उभा राहिला. चाळिशीचा, हसरा, वाईट माणूस नव्हे. लहानपणी तिच्या अंगणातली अंजिरं चोरायचा.

"मावशी, ऑगस्टात गावची जत्रा. ह्या वर्षी टीव्हीवाले येणार."

"येऊ देत की. माझ्या केसांना रंग लावू का?"

"केसांना नको, खांबाला लाव." तो स्वतःच हसला. "गंमत सोड. एक खांब पांढरा, एक पिवळा-काळा. कसं दिसतं ते? एक बूट घालून लग्नाला गेल्यासारखं. चार वर्षं झाली, मावशी!"

"दोन वर्षं दे, खालची दोघं होतील."

"आणि पिवळा जाईल?"

"पिवळा जायचा नाहीये, लोव्रे. पिवळा ठेवायचाय. त्यासाठीच तर मरतेय मी इथं."

लोव्रेनं खिशातून कागद काढला तेव्हा तो तिच्या डोळ्यांकडं बघत नव्हता. पुरातत्त्व कचेरीची परवानगी होती. सोमवारपासून एक कंपनी येणार, वाळूचं यंत्र आणणार, उजवा खांब वरपासून खालपर्यंत डाव्यासारखा करणार. दहा दिवसांत. परवानगीचं कारण एका ओळीत दिलं होतं: १९८५ च्या अहवालानुसार ह्याच दगडावर वाळूची सफाई निर्धोक ठरली आहे, डाव्या खांबाची झीज वाऱ्यामुळे आहे.

दोब्रिलाच्या हातातला पाव खाली पडला. तिनं ती ओळ दोनदा वाचली. तिची स्वतःची सही होती त्या अहवालावर! चाळीस वर्षांपूर्वीचं खोटं आज उठून उरलेल्या आठ माणसांच्या पापण्या खायला निघालं होतं.

ती कामाच्या हिरव्या चष्म्यासकट पुरातत्त्व कचेरीत गेली. तिथं आता तादिया नावाचा तरुण अधिकारी होता, गुळगुळीत दाढी, टेबलावर सगळं ओळीत लावलेलं.

"तादिया, हा अहवाल खोटा आहे. खांब वाऱ्यानं नाही झिजला. आम्ही झिजवला."

तादियानं अहवाल काढला, शेवटचं पान उघडलं. "मॅडम, ही सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा!"

"पुरावा?"

"मी आहे की!"

"आधीचे फोटो नाहीत. प्रोफेसर क्रशेवान गावचे मानद नागरिक आहेत. त्यांनी लेखी दिलं तर मी सोमवारचं काम थांबवतो. नाहीतर माझ्या हातात काय आहे?" आणि त्यानं खरंच दोन्ही हात उघडून दाखवले. असले रिकामे हात दाखवणारे लोक फार बघितलेत आम्ही.

क्रशेवान एक्याण्णव वर्षांचे होते. डोंगराच्या कुशीत घर, द्राक्षांच्या मांडवाखाली खुर्ची, अंगात अजूनही कोट. दोब्रिलाला त्यांनी लगेच ओळखलं आणि बसायला सांगितलं. कान शाबूत, डोकं शाबूत. तिनं सगळं सांगितलं: सोमवार, यंत्र, चांभाराच्या ओठांतले खिळे.

"दोन ओळी लिहून द्या, प्रोफेसर. वारा नव्हता, वाळू होती. बास. तुम्हाला आता कोण काय करणार?"

म्हाताऱ्यानं कॉफीचा घोट घेतला. "पोरी, नळी कुणाच्या हातात होती?"

"हुकूम कुणाचा होता?"

"हुकूम तोंडी होता. तोंडी हुकमाचं काय राहतं मागे? मी तर सावलीत उभा होतो." तो हसला. वाईट हसला असंही नाही, एखाद्या हुशार विद्यार्थ्याकडं बघून हसावं तसा हसला. "आणि खरं सांग, वाईट काय झालं? लोक टाळ्या वाजवत होते. आजही वाजवतात. सुंदर दिसतो तो खांब. तुझं उत्तम काम आहे ते."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. टेबलावरची कॉफी त्याच्या कोटावर ओतावी असं तिला वाटलं, आणि ओतली नाही ह्याचा तिला पुढं कितीतरी दिवस पश्चात्ताप होत होता. "तुम्हाला लाज नाही, प्रोफेसर," एवढंच म्हणून ती उठली.

उतरताना डोंगरावरून गार झोत आला, पाठीवर थाप मारल्यासारखा. बूरा. दोन पावलं चालून ती जागच्या जागी उभी राहिली. मान वळवून डोंगराकडं बघितलं. मग खाली गावाकडं, चर्चकडं, दरवाज्याकडं. आणि रस्त्यात एकटीच मोठ्यानं म्हणाली, "आपण सगळे गाढव आहोत!"

गुरुवारी संध्याकाळी नगरपालिकेची सभा होती. दार उघडं असतं, कोणीही बसतो. अकरा सदस्य, त्यातले नऊ मच्छीमार किंवा मच्छीमारांचे मुलगे. मागच्या बाकांवर फानी, चर्चची देखभाल करणारे श्पिरो काका, त्यांची बायको मान्दे आणि आणखी तीसेक माणसं. तादियाही आला होता, वही घेऊन. दोब्रिलाला बोलायला पाच मिनिटं मिळाली.

"मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "बूरा कुठून येतो?"

सभेत हशा पिकला. पण हसता हसताच अकराही हात वर झाले आणि सगळ्यांची बोटं एकाच खिडकीकडं वळली, डोंगराच्या बाजूला. मागच्या बाकांवरचीही. ह्या गावात चालायला लागलेल्या पोराला विचारा, तेही तिकडंच बोट दाखवील. बूरा आला की होड्या कुठल्या बाजूला बांधायच्या, वाळत घातलेले कपडे कुठल्या भिंतीआड न्यायचे, चूल कुठल्या दिशेनं धूर ओकते, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही.

"बरं. आणि चर्चचा दरवाजा कुठं बघतो?"

काही बोटं समोरच्या भिंतीकडं वळली, समुद्राच्या बाजूला. बाकीची वळता वळता हवेतच अडकली.

"बोला की आता! डोंगराच्या आणि दरवाज्याच्या मधे अख्खं चर्च उभं आहे, घंटेचा मनोरा उभा आहे. आठशे वर्षांत बूरा त्या खांबाला शिवला तरी आहे का? बूरा सुटला की आपल्या बायका पोरांना घेऊन कुठं उभ्या राहतात? त्याच दरवाज्यात! आणि चाळीस वर्षं तुम्ही ऐकून घेताय की वाऱ्यानं खांब खाल्ला! फाने, तू तर रोज तीनदा सांगतेस. कोळ्यांच्या गावात! लाज वाटायला हवी, मला सगळ्यांत आधी."

लोव्रे खुर्चीत सावरून बसला. "मावशी, वारा गल्लीतून वळूनही येत असेल..."

"लोव्रे, तुझ्या बापासमोर हे बोलला असतास तर त्यानं तुला होडीतून ढकललं असतं."

ह्या वेळी कोणी हसलं नाही.

"वारा नव्हता," ती म्हणाली. "वाळू होती. यंत्र गोदीतून आणलं होतं. हुकूम प्रोफेसर क्रशेवानांचा, नळी माझ्या हातात. तीन दिवस. ती आई आणि बाळ नाही, कोळीण आहे आणि मासा आहे, त्याला चार कल्ले होते, ते मी घालवले. आणि वर कागदावर सही केली की काही झालं नाही. आता तोच कागद दाखवून सोमवारी उजवा खांबही खायला येताहेत. मला काय करायचं ते करा. त्याला हात लावू नका."

श्पिरो काका उठले आणि तडक बाहेर निघून गेले. धक्का बसला म्हाताऱ्याला, असं सगळ्यांना वाटलं. सभेत कुजबूज सुरू झाली, मग आवाज चढले. "आणि आम्ही तुला चार वर्षं कॉफी पाजतोय!" कुणीतरी ओरडलं. "तूच होय ती!" दुसरा म्हणाला. क्रशेवानांचं नाव कोणी घेत नव्हतं, ही गंमत बघा. नळी धरणारी समोर उभी होती, तिला ओरडणं सोपं होतं.

दहा मिनिटांनी श्पिरो काका परत आले, धापा टाकत, काखेत भिंतीवरची फोटोची चौकट. त्यांच्या लग्नाचा फोटो, १९७९ चा. गावातली प्रत्येक जोडी लग्न लागल्यावर डाव्या खांबाला टेकून फोटो काढते, अजूनही काढते. काकांनी चौकट लोव्रेच्या टेबलावर आपटली.

"मान्देच्या खांद्याशी बघ. चष्मा लाव आणि बघ."

लोव्रेनं बघितलं. तादिया उठून त्याच्या मागे आला. नवरीच्या पांढऱ्या खांद्याशेजारी दगडी कोळिणीचा हात होता, बोटांना नखं होती, आणि बोटांत कल्ल्याला धरलेला मासा. खवलेसुद्धा दिसत होते.

"चव्वेचाळीस वर्षं रोज बघतोय मी हा फोटो," काका म्हणाले. "मासा काही दिसला नाही."

"मी दिसले होते ना?" मान्दे मागून म्हणाली.

त्या रात्री जेवणाआधी आणखी सात चौकटी आल्या. मतदान झालं. नऊ विरुद्ध दोन. वाळूचं यंत्र परत गेलं. उजवा खांब वाचला. दोब्रिलाचे आभार मात्र कुणी मानले नाहीत. घरी जाताना तिच्या बाजूनं चालायला फक्त श्पिरो काका होते, तेही चौकट जड आहे अशी तक्रार करत.

पुढच्या आठवड्यात तिचा परवाना काढून घेतला. नियमच तसा आहे: जिनं संरक्षित वास्तूचं नुकसान केल्याचं कबूल केलं, तिला संरक्षित वास्तूला हात लावता येत नाही. नियम बरोबर आहे, असं तीही म्हणाली. पण मग नियम एकट्या नळीलाच कसा लागू होतो? क्रशेवानांकडून कुणी काही काढून घेतलं नाही. मानद नागरिकत्व काढून घ्यायची तरतूदच नाही, असं तादियानं तपासून सांगितलं. लेझरचं खोकं कुलपात गेलं. किनाऱ्यावर ते चालवणारा दुसरा माणूस नव्हता.

जत्रेला टीव्हीवाले आले. मिरवणूक दरवाज्यातून निघाली, एका बाजूला पांढरा खांब, दुसऱ्या बाजूला मधाच्या रंगाची सहा आणि तळाला काळी दोन माणसं.

"बघ, अर्धवट राहिलं," लोव्रे गर्दीत तिच्या कानाशी म्हणाला. "गप्प बसली असतीस तर निदान..."

"निदान काय? काळं आहे ना, असू दे काळं! काळ्याच्या खाली कणीक मळणारी बाई धडधाकट आहे. शंभर वर्षं राहील तशीच. येईल कुणीतरी कान असलेला." ती इतक्या जोरात बोलली की पाद्रीनं वळून बघितलं.

सप्टेंबरात तादियानं तिला कचेरीत बोलावलं. दुरुस्त केलेला अहवाल तयार होता. नोंद झालेला, क्रमांक पडलेला, शिक्का मारलेला. तंत्रज्ञाची सही तेवढी बाकी. त्यात वारा नव्हता. उजव्या खांबाला वाळू, आम्ल, घासणी काहीही लावू नये असं कलम होतं, ठळक अक्षरांत. ते तिनं दोनदा वाचलं. मग वरची ओळ वाचली: "१९८४ साली तंत्रज्ञ दोब्रिला श्कार्पा हिनं वाळूच्या माऱ्यानं डाव्या खांबाचं कायमचं नुकसान केलं."

"एकटीनं?" ती म्हणाली.

"मॅडम, कागदोपत्री..."

"यंत्रही मीच पाठीवर टाकून आणलं असेल गोदीतून!"

तादियानं सहीच्या जागेवर बोट ठेवलं. तिनं पेन घेतलं आणि स्वतःच्या नावापुढं, ठसठशीत अक्षरांत, लिहून टाकलं: "प्रोफेसर क्रशेवान यांच्या हुकमावरून." आणि खाली सही केली.

"हे काय केलंत!" तादिया उठलाच. "नोंद झालेला कागद आहे हा. फाडता येत नाही, पुन्हा काढता येत नाही. माझे वरचे साहेब मला म्हणालेत, ते नाव येता कामा नये."

"मग खोड की. मी नाही खोडणार. तुला हुकूम आहे ना? मलाही होता."

तो लाल झाला. खुर्चीत बसला, पुन्हा उठला. खिडकीपाशी जाऊन आला. नोंद झालेल्या सरकारी कागदावर पांढरी शाई चालत नाही. चूक खोडायची तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि ज्यानं खोडलं त्यानं बाजूला आपलं नाव आणि तारीख घालायची. हे त्यानंच तिला सांगितलं, हळू आवाजात, टेबलाकडं बघत.

"घाल मग," दोब्रिला म्हणाली.

त्यानं पट्टी ठेवली, रेघ मारली. बाजूला लिहिलं: तादिया, १४ सप्टेंबर. अक्षर सुरेख होतं.

दोब्रिलानं कागद स्वतःकडं फिरवला, वाकली, आणि रेघेखालचं ते नाव कचेरीभर ऐकू जाईल अशा आवाजात, एक-एक अक्षर सुटं करून वाचलं. मग तादियाच्या नावावर बोट ठेवून तेही तसंच वाचलं.

"आता तिघं झालो," ती म्हणाली, आणि पेन त्याच्या पुढ्यात ठेवून उठली.